वेरूळ, घृष्णेश्वर, खुलताबाद, देवगिरी एका दिवसात, गाइडसह: सासूबाईंच्या गुडघ्यांना झेपेल का?

खिडकीजवळची सीट

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही सहाजण संभाजीनगरला येतोय. मी, नवरा, दहावीतली लेक, सासूबाई (वय ७३, दोन्ही गुडघे दुखतात, पण हट्टाला पक्क्या) आणि कॅनडाहून येणारे दीर-जाऊबाई. सोमवारी रात्री पोहोचू, गुरुवारी पहाटेच्या गाडीने परत.

प्रत्येकाची मागणी वेगळी. सासूबाईंना घृष्णेश्वराचं दर्शन हवंय, त्यांची अकरा ज्योतिर्लिंगं झालीत, हे एकच राहिलंय. दिरांना कैलास लेणं बघायचंय. लेकीला देवगिरी किल्ल्यातली अंधारी, म्हणजे तो काळोखा भुयारी मार्ग, चढायचीय. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, दुपारी तासभर आडवं व्हायला मिळालं तर बरं.

हॉटेलवाल्याने एका दर्शन सहलीची माहिती पाठवलीय. सकाळी साडेआठला बस निघते. देवगिरी किल्ला, भद्रा मारुती, औरंगजेबाची कबर, वेरूळ, घृष्णेश्वर, येताना बीबी का मकबरा आणि पाणचक्की, संध्याकाळी सहाला परत. सोबत गाइड. मंगळवारी ही सहल करावी आणि बुधवार पैठणी वगैरे खरेदीला ठेवावा असा बेत आहे.

प्रश्न असा की ही बसच घ्यावी, की स्वतंत्र गाडी करून तिथे गेल्यावर गाइड घ्यावा? गाइड खरंच लागतो का? कुणी म्हातारं माणूस घेऊन गेलं असेल तर अनुभव सांगा. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

धावपळ

मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात. (अजिंठा सोमवारी.) बाकीचं नंतर, आधी वार बदला.

डबल बेल

ताई, वरच्यांनी मंगळवारचं सांगितलं ते फार बरं केलं. ते कळलं नसतं तरी दिवस गेलाच असता. कोणीतरी तुम्हाला सगळीकडे हिंडवलं असतं आणि वेरूळला बंद फाटकासमोर उभं करून फोटो काढा म्हणाले असते.

मी कंडक्टर होतो. नोकरीतला बराच काळ दर्शनाच्या गाडीवर गेला. आता घरी असतो, पाहुणे आले की त्यांना नेऊन आणतो. शिल्पातलं मला फार कळतं असा दावा नाही, वेळेतलं मात्र कळतं. म्हणून त्या सहलीचा हिशोब तेवढा मांडतो.

साडेआठ ते सहा म्हणजे साडेनऊ तास. शहरातून वेरूळ तीस किलोमीटर. कागदावर पाऊण तास, पण दौलताबादला (म्हणजे देवगिरीलाच) रस्ता किल्ल्याच्या जुन्या वेशीतून जातो. त्या कमानीत एका वेळी एक मोठी गाडी मावते, आणि डिसेंबरात शाळांच्या सहलींच्या बसा दोन्ही बाजूंनी तोंडाला तोंड लावून उभ्या असतात. जाऊन-येऊन, आतली वळणं धरून अडीच तास रस्त्यातच गेले. सात थांबे. प्रत्येक थांब्यावर चाळीस माणसं उतरणार, निम्मी बाथरूमला जाणार, चढताना डोकी मोजायची, एक जोडपं कमी भरणार, ते पेरूवाल्यापाशी सापडणार. उतरण्या-चढण्यात मिळून दोन तास धरा, कमी नाही. जेवण एक तास. राहिले चार तास, ते सात ठिकाणांत वाटायचे. आता तुम्हीच सांगा, कैलासाला किती येतील?

पाऊण तास येतो. मी हे वर्षानुवर्षं बघितलंय. माणसं आत जातात, समोरच्या हत्तीपाशी फोटो काढतात, वर एकदा चढून उतरतात, तोवर खाली शिट्टी. कैलासाच्या तिन्ही बाजूंना खडकातच ओवऱ्या कोरल्यात, त्या ओवऱ्यांतून सावकाश हिंडायलाच तेवढा वेळ लागतो. वेरूळला चौतीस लेणी आहेत, त्यांतली सहलीत तीन-चार होतात. आणि परतीच्या वाटेवर एखाद्या हिमरू कापडाच्या दुकानात मात्र अर्धा तास निवांत मिळतो. तिथे कोणी शिट्टी मारत नाही.

तर बस नको. स्वतंत्र गाडी करा. सहाजण म्हणजे मोठी गाडी लागेलच, माणशी फार फरक पडणार नाही. मंगळवारी देवगिरी आणि शहर, बुधवारी दिवसभर वेरूळ, घृष्णेश्वर, खुलताबाद. पैठणी मंगळवारी संध्याकाळी होते.

देवगिरीला सकाळी आठपर्यंत पायथ्याशी पोचा, उन्हात चढण नको. तिथे सासूबाईंनी काय करायचं ते विचाराल, तर पहिल्या दरवाजांच्या वळणांतून आत गेलं की पुढचा भाग बऱ्यापैकी सपाट आहे. डाव्या हाताला हत्ती हौद, भला मोठा. त्याच्या पुढे जुनी जामा मशीद, १३१८ सालची, खिलजींच्या वेळची. तिचे खांब बघा, आधीच्या देवळांतून आलेले आहेत हे सांगायला गाइड लागत नाही. तिथे १९४८ नंतर भारतमातेची मूर्ती बसली. समोर चाँद मिनार, १४४५चा, दोनशे फुटांच्या वर उंच. मशिदीचं अंगण मोठं आहे, सावली आहे, सासूबाई आणि तुमचे मिस्टर दोघंही तिथे बसू शकतात. आडवं व्हायचं असेल तर मात्र चौकीदाराची परवानगी घ्या.

लेक आणि पाहुण्यांनी वर जावं. खंदकावरचा अरुंद पूल ओलांडला की अंधारी. आत वळणं आहेत, पायऱ्या कमीजास्त उंचीच्या आहेत, वटवाघळांचा वास येतो. बॅटरी न्या, मोबाईलची चालेल. हा किल्ला लढून पडला नाही, दाणापाणी संपल्यामुळे किंवा फितुरीने पडला असं प्रत्येक गाइड सांगतो. अंधारीतून जाऊन आलं की ते पटतं. १२९६ला अल्लाउद्दीन आला तेव्हा रामदेवरायाला तह करावा लागला. पुढे १३२७ला तुघलकाने राजधानीच दिल्लीहून इथे आणली आणि देवगिरीचं दौलताबाद केलं. एवढं लेकीला आधी सांगून ठेवा, बाकी ती गूगलवर बघेल.

सासूबाईंसाठी आणखी एक गोष्ट. एकनाथ महाराजांचे गुरू जनार्दनस्वामी या किल्ल्याचे किल्लेदार होते. गुरुवारी ते कचेरीचं काम बंद ठेवून दत्तभक्तीत असत, असं इकडे सांगतात. त्यांची समाधी वर गडावर आहे. सासूबाईंना वर जाणं जमणार नाही, पण नात जाणार आहे, तिच्याबरोबर चार फुलं पाठवा.

बुधवारचं उद्या लिहितो, दुपारची गोळी घ्यायची वेळ झाली.

शेवंती

डबल बेल काका, तुमचे प्रतिसाद वाचून तिकीट फाडल्यासारखं वाटतं. :)

घृष्णेश्वराचं मी सांगते, कारण माझ्या आईला घेऊन गेले होते. देऊळ पहाटेच उघडतं. सकाळी सातच्या आसपास रांग फारशी नसते, अकरानंतर लेणी बघून उतरलेली सगळी गर्दी तिकडे वळते आणि मग दोन-दोन तास जातात. सोमवारी आणि शिवरात्रीला अर्थात कधीही जा, रांग आहेच. आतमध्ये मोबाईल, कॅमेरा नेऊ देत नाहीत, गाडीतच ठेवा. पुरुषांना गाभाऱ्यात जाताना सदरा, बनियन दोन्ही काढावं लागतं, चामड्याचा पट्टाही. दिरांना आधी सांगून ठेवा, आमच्याकडचे एक पाहुणे ऐन गाभाऱ्याच्या दारात लाजून मागे फिरले आणि मागच्या रांगेचा खोळंबा झाला. बायकांना आत जाता येतं, पिंडीला हात लावून दर्शन घेता येतं. सासूबाईंना याचं फार अप्रूप वाटेल, सगळ्या ज्योतिर्लिंगांना तसं करू देत नाहीत.

गाभाऱ्यात उतरायला पायऱ्या आहेत, थोड्याच, पण ओल्या असतात आणि रेटारेटी असते. एका बाजूला तुम्ही, एका बाजूला जाऊबाई, असं धरून न्या.

देवळाचं काम लालसर दगडाचं आहे, नीट बघा. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले यांनी जीर्णोद्धार केला होता. भोसल्यांकडे वेरूळची पाटीलकी होती, त्यांची गढी गावातच आहे. आत्ताचं देऊळ अठराव्या शतकातलं, होळकरांच्या काळातलं. जवळच शिवालय तीर्थ म्हणून कुंड आहे, चौकोनी, चारही बाजूंनी पायऱ्या उतरत गेलेल्या आणि पायऱ्यांवर छोटी छोटी देवळं. तिथे कोणी जात नाही. दर्शनाच्या रांगेनंतर तिथे काठावर दहा मिनिटं बसायला बरं वाटतं. खाली उतरू नका, गुडघे.

पाथरवट

वेळापत्रकाशी सहमत, एका गोष्टीशी नाही. अजून डबल बेल यांनी बुधवारचं लिहिलेलं नाही, पण ते कैलास सकाळी उरका म्हणतील असा माझा अंदाज आहे. वेरूळची सगळी लेणी एकाच डोंगराच्या पश्चिम कड्यात खोदलेली आहेत, तोंडं मावळतीला. सकाळी कैलासाचा दर्शनी भाग काळोखात असतो. दुपारी दोननंतर ऊन समोरून येतं आणि दगडाचा रंग, राहिलेल्या पांढऱ्या गिलाव्याचे पट्टे, सगळं उठून दिसतं. (हो, गिलावा होता. हे देऊळ एके काळी काळं नव्हतं, पांढरं होतं. ओवऱ्यांच्या आणि मंडपाच्या छतांना अजून रंगाचे अवशेष आहेत.) १० नंबरचं लेणंही दुपारीच बघावं. ते चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनागृह आहे, वरच्या कमानीच्या खिडकीतून उतरतं ऊन आत बुद्धाच्या मूर्तीवर येतं. त्याला सुताराची झोपडी म्हणतात, कारण छताच्या फासळ्या लाकडी वाशांसारख्या कोरल्यात. दगडात ज्यांची गरजच नाही असे वासे!

गाइड हवाच. पण चांगला. नाहीतर कैलास परग्रहवासीयांनी केला असं सांगणारे आजकाल फार फिरतात. विचारायचं, हे कोणी केलं? राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला, आठवं शतक, असं सरळ उत्तर आलं तर घ्या. त्याच्या आधीच्या दंतिदुर्गाचा लेख शेजारच्या १५ नंबरच्या लेण्यात आहे, म्हणजे काम त्याच्यापासून सुरू झालं असावं असं काही अभ्यासक मानतात, हे जर तो स्वतःहून म्हणाला तर दोन पैसे जास्त द्या. आणि यंत्रं, लेझर, नाहीशी झालेली माती वगैरे सुरू झालं तर पुढचा गाइड बघा. तीन बाजूंनी चर खणून मधला खडक मोकळा करायचा, मग तो वरून खाली कोरत यायचं. छिन्नी-हातोड्याचे घाव भिंतींवर आजही दिसतात. मागच्या बाजूला कड्याची उंची शंभर फुटांच्या वर आहे, काढून टाकलेला दगड दीड-दोन लाख टन असेल असा अंदाज करतात. यात परग्रहवाल्यांना द्यायला श्रेय शिल्लक राहत नाही.

खरं आश्चर्य त्या काळच्या लोकांनाही वाटलंच होतं. बडोद्याला एक ताम्रपट सापडला, राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेच्या कर्कराजाचा, शके ७३४ म्हणजे इसवी सन ८१२चा. त्यात या देवळाचं वर्णन आहे. विमानातून जाणारे देवही ते बघून थक्क होतात, आणि ज्या कारागिराने ते केलं त्यालाच पुढे प्रश्न पडतो की हे माझ्या हातून झालं तरी कसं. दिरांना हे कैलासाच्या समोर उभं करून वाचून दाखवा.

आणखी एक आग्रह. जैन लेणी सोडू नका. ३० ते ३४, उत्तरेच्या टोकाला. सहलीवाले तिकडे नेत नाहीत. ३२ नंबर, इंद्रसभा, वरच्या मजल्यावर खांबांची नक्षी इतकी बारीक आहे की कैलास बघून आल्यावरही माणूस थांबतो. आंब्याच्या झाडाखाली बसलेली अंबिका आणि समोर हत्तीवरचा यक्ष. आंब्याच्या पानांत शिरलेले पक्षी शोधायला लेकीला सांगा.

डबल बेल

पाथरवट साहेबांनी अंदाज बरोबर बांधला, मी सकाळच सांगणार होतो आणि सांगतोच. फोटोसाठी येणाऱ्याने दुपारी यावं, गुडघ्यांसाठी येणाऱ्याने सकाळी. समोर ऊन नसतं म्हणजेच अंगणात सावली असते. फरशी थंड असते. शाळेच्या सहली साडेदहाच्या पुढे येतात, आणि एकदा दोनशे पोरं आत शिरली की गाइडचा आवाज सोडा, स्वतःचा ऐकू येत नाही. उन्हाची सोय अशी करता येते की दिरांना दुपारी परत एकदा आत सोडा. तिकीट जपून ठेवा आणि बाहेर पडताना परत येणार म्हणून फाटकावर विचारून घ्या.

बुधवार असा. सातला घृष्णेश्वर, शेवंतीताईंनी सांगितलंय त्यात मी भर घालणार नाही. देवळाबाहेर पोहे, चहा. साडेआठ-नऊला लेण्यांच्या फाटकावर. कैलास फाटकासमोरच आहे, फार चालावं लागत नाही. सासूबाईंनी खालच्या अंगणात फिरावं. आत शिरल्यावर समोर गजलक्ष्मी, तिला नमस्कार करायचा. डावीकडून निघालं की देवळाच्या जोत्यावर महाभारताचा पट्टा, फिरून उजवीकडून येताना रामायणाचा. हे दोन्ही जमिनीवर उभं राहून दिसतात, एकही पायरी नाही. म्हाताऱ्या बायकांना तिथे गाइड लागत नाही हे मी पुष्कळदा बघितलंय. हा वाली, हा सुग्रीव, हा सेतू, त्याच पोरांना सांगत सुटतात आणि गाइड गप उभा राहतो. दक्षिणेच्या बाजूलाच रावण कैलास हलवतोय ते शिल्प. पार्वती घाबरून शंकराला बिलगलीय, दासी पळत सुटलीय, आणि शंकर नुसता पायाचा अंगठा दाबून बसलाय. तिथे सासूबाईंना उभं करा आणि गाइडला म्हणा, दोन मिनिटं बोलू नका.

वर देवळात जायचे जिने अंधारे आणि उंच पायऱ्यांचे आहेत. तिथे धाडस नको. बाकीच्यांनी जावं, एकजण खाली सोबत बसावं. (इथे तुमच्या मिस्टरांचा उपयोग होईल.)

तरुण मंडळींनी आणखी एक करावं. बाहेर आलं की कैलासाच्या उजव्या अंगाने डोंगरावर पायवाट जाते. कठड्याच्या आतूनच बघायचं. वरून मंडपाच्या छतावरचं कमळ आणि त्याच्यावर चार दिशांना तोंडं केलेले चार सिंह दिसतात. खालून बघून गेलेल्या माणसाला ते आहेत हे माहीतच नसतं. सहलीच्या गाडीतल्या कितीजणांनी ते बघितलं म्हणाल तर हाताच्या बोटांवर.

गाइडबद्दल एवढंच, पर्यटन खात्याचं ओळखपत्र गळ्यात असलेला घ्या. पैसे, वेळ आणि कुठली कुठली लेणी, हे तिन्ही फाटकाबाहेर ठरवा. तुमच्यासाठी १६ (म्हणजे कैलास), १०, १२ आणि ३२, एवढी पुरे. १२ तीन मजली आहे, सासूबाईंनी तळमजल्यावरूनच मान वर करावी. १० मध्ये गाइड बुद्धं शरणं म्हणून दाखवतो, आवाज घुमून परत येतो, तो ऐकावा. ३२कडे चालत न्यायचं नाही, किलोमीटरच्या वर आहे. आवारात बस फिरते, ती चालू आहे का ते तिकीट खिडकीवर विचारा. गाइडची खरी गरज वेरूळलाच आहे. खुलताबादला, मकबऱ्याला, पाणचक्कीला उगंच पैसे घालवू नका, तिथलं फलकावर वाचून कळतं.

२९ नंबर, सीतेची न्हाणी, धबधबा पावसाळ्यात. डिसेंबरात भिंतीवर ओल असते एवढंच. सोडा.

खिडकीजवळची सीट

बाप रे, एवढं कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. वार बदललाय, मंगळवारी देवगिरी आणि बुधवारी वेरूळ. हॉटेलवाल्याला मंगळवारचं विचारलं तर म्हणाला, "मॅडम, बाहेरून दिसतंच की."

आता उरलेले प्रश्न. खुलताबादला काय काय बघावं? सासूबाई भद्रा मारुतीला हो म्हणाल्यात, औरंगजेबाच्या कबरीला म्हणाल्या, "मी गाडीत बसते." दीर-जाऊबाईंना परदेशी लोकांचं महागडं तिकीट पडेल का? त्यांच्याकडे ओसीआय कार्डं (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतात ती) आहेत. आणि बुधवारी दुपारी जेवायचं कुठे?

दोन देश एक ताट

ओसीआय असेल तर पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांना भारतीयांचाच दर लागतो, तसा नियम आहे. कार्ड मूळ न्या, मोबाईलमधला फोटो दाखवला की खिडकीवर वाद होतात. लेक पंधरा वर्षांच्या आतली असेल तर तिला तिकीटच नाही, तिचं आधार कार्ड बरोबर असू द्या.

पाथरवट

खुलताबादला बहुतेक लोक एकच कबर बघून येतात. १७०७ला नगरला औरंगजेब वारला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे इथे सूफी संत झैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या आवारात त्याला पुरलं. कबर साधी, उघडी, वर छत नाही. भोवतीची संगमरवरी जाळी त्याच्या इच्छेतली नाही, ती विसाव्या शतकातली. ज्याने दख्खनसाठी आयुष्याची शेवटची पंचवीस-सव्वीस वर्षं घालवली, त्याची एवढीशी जागा. पाच मिनिटांत बघून होते. ओळखपत्र जवळ असू द्या, बंदोबस्त असतो. दर्ग्यात डोकं झाकायचं, चपला बाहेर.

पण मला खंत वाटते ती मलिक अंबरची. ज्याने खडकी वसवली, म्हणजे तुम्ही ज्या शहरात उतरणार आहात त्याची पहिली वीट ज्याची, १६१०च्या सुमाराची, आणि ज्याने मुघलांना वर्षानुवर्षं दख्खनेत घाम फोडला, त्याची कबर याच गावाच्या बाहेर आहे. चांगली घुमटाची इमारत आहे. १६२६ला तो वारला. तिथे एकही सहलीची बस वळत नाही. ड्रायव्हरला नाव सांगा, माहीत नसलं तर गावात विचारा.

शेवंती

भद्रा मारुती झोपलेला आहे हे सासूबाईंना आधी सांगू नका. :) आडवी मूर्ती बघून आमची आई म्हणाली होती, "अगंबाई, उठवू नका त्यांना." शनिवारी जाऊ नका एवढंच, पण तुमचा बुधवार आहे. बाहेर माकडं आहेत, प्रसादाची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका.

डबल बेल

जेवणाचं. लेण्यांच्या फाटकाबाहेर आणि घृष्णेश्वराच्या रस्त्यावर साधी हॉटेलं पुष्कळ आहेत, भाकरी-पिठलं, शेवभाजी मिळते. मी असतो तर डबा नेला असता. गाडी मोठी आहे, सासूबाईंना घरच्या हातचं लागतं, आणि फाटकाबाहेर झाडाखाली गाडी लावून खाता येतं. तासाभराचं जेवण वीस मिनिटांत होतं. उरलेले चाळीस तुमच्या मिस्टरांना, मागची सीट त्यांची.

खुलताबाद परतीच्या वाटेवर, चारच्या पुढे. आधी भद्रा मारुती, मग दर्गा, मग पाथरवट साहेबांचा मलिक अंबर. त्यांचं बरोबर आहे, मीही नोकरीत असताना तिकडे कधी गाडी वळवली नाही, थांबा नव्हता. आता सांगतो, वळवा. सासूबाईंना गाडीत बसायचं तर बसू द्या, खिडकी उघडी ठेवा.

आणि दौलताबादच्या कमानीतून सहाच्या आत बाहेर पडा. त्यानंतर ट्रक सुरू होतात. येताना रस्त्याकडेला सीताफळं दिसली तर डिसेंबरच्या शेवटी ती शेवटची असतात, दाबून बघून घ्या. पेरू मात्र डोळे झाकून घेतले तरी चालतील.